ओलेटानं आणलं

"कसं काय, डॉर्सी?"

"बरंय."

"उतर खाली."

डॉर्सी नेपियरचा एक पाय गाडीच्या पायरीवर आणि एक रस्त्यावर. सकाळचे सहा वाजलेले, ओहोळावर धुकं, आणि कोळशाच्या खाणीत एकतीस वर्षं काढलेला हा पंचावन्न वर्षांचा बाप्या दारातच अडकून उभा. गाडीत आधीच बसलेली चार माणसं माना खाली घालून हसत होती. त्यांनाही असंच अडवलं गेलं होतं.

"थंडी आहे गं बाहेर."

"असू दे. सुनावणीसाठी सोळा महिने थांबलास, आणखी दोन मिनिटं थांब. कसं काय, डॉर्सी?"

"अगं, बरंय म्हटलं ना..."

"दार लावू?"

डॉर्सीनं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाला, "पाठीचा पार खुळखुळा झालाय. रात्र खुर्चीत बसून काढली. घरापासून तुझ्या गाडीपर्यंत पंधरा पावलं आलो तर छाती भात्यासारखी वाजतेय, आणि तुझं थोबाड बघून जास्तच वाजतेय. झालं समाधान?"

"झालं. चढ. कॉफी मागच्या थर्मासात आहे."

ओलेटा फ्यूगेट ती हीच. पूर्व केंटकीच्या डोंगरात आमच्या तालुक्याची एक पांढरी गाडी आहे, चौदा माणसांची. म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला घेतलेली, पण दर मंगळवारी ती दोन तास नदीकाठानं शहरात जायची, अपंगत्व भत्त्याच्या सुनावण्या होतात त्या कचेरीत. ओलेटानं ती अकरा वर्षं चालवली. त्याआधी वीस वर्षं शाळेची बस. म्हणजे तिच्या गाडीत बसलेल्या निम्म्या माणसांना तिनं कधी ना कधी नाक पुसायला सांगितलेलं होतं, आणि उरलेली निम्मी तिच्याबरोबर शाळेत होती. डॉर्सी दुसऱ्यातला. तिसरीत त्यानं तिच्या वेणीला शाई लावली होती, ते ती विसरली नव्हती आणि तो विसरू देत नव्हता.

तिचं काम गाडी चालवायचं. पण गाडी चालवता चालवता ती जे करायची, त्याचा पगार तिला कुणी दिला नाही आणि तिनं मागितला नाही.

तुम्हाला आमची माणसं माहीत नाहीत म्हणून सांगायला हवं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा आमच्या डोंगराचा खरा धर्म. रविवारी चर्चमध्ये जातो तो नुसता उपचार. पाय तुटला तरी "कसं काय?"ला उत्तर "बरंय". बायको गेली, घर वाहून गेलं, "चाललंय, तक्रार नाही." रडगाणं गाणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्यांदा कुणी जेवायला बोलवत नाही. आता अशा माणसाला न्यायाधीशासमोर बसवा आणि विचारा, बाबा, तू कामाला नालायक कसा झालास ते सांग. तो छाती पुढे काढतो. "स्वयंपाक करता का?" करतो. "बाग?" करतो. "शिकार?" अहो, करणारच, मी काय म्हातारी बाई आहे? सगळं कागदावर उतरतं, आणि दोन महिन्यांनी घरी पत्र येतं की अर्जदार स्वतःच सांगतो तो बरा आहे.

ओलेटाच्या नवऱ्याचं हेच झालं होतं. होबार्ट फ्यूगेट म्हणजे पहाडासारखा माणूस. खाणीच्या धुळीनं त्याची फुप्फुसं खाल्ली तेव्हा दोन खोल्या पार करायला त्याला मध्ये खुर्ची लागायची. सुनावणीत न्यायाधीशानं विचारलं, आज तब्येत कशी आहे? होबार्ट म्हणाला, "बरी आहे, साहेब." बाग आहे का? आहे. बाग म्हणजे पायरीजवळच्या बादल्यांतली टोमॅटोची दोन रोपं. शिकारीला जाता? जातो. शिकार म्हणजे काय, तर शेजारी त्याला ट्रकमध्ये बसवून रानाच्या तोंडाशी न्यायचा, आणि होबार्ट खिडकीची काच खाली करून अंधारात कुत्र्यांचं भुंकणं ऐकायचा. कुठलं भुंकणं आपल्या कुत्रीचं हे त्याला मैलावरून कळायचं. एवढीच त्याची शिकार. पण ते कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. ओलेटा शेजारच्या खुर्चीवर होती. तीही गप्प बसली. नवऱ्याची मूठ बायकोनं उघडायची नसते, असं तिला तेव्हा वाटत होतं.

अर्ज नामंजूर. अपील केलं. त्याची तारीख यायला चौदा महिने. होबार्ट अकराव्या महिन्यात गेला. ओलेटानं एकटीनं जाऊन ते अपील लढवलं आणि जिंकलं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा थडग्यावर गवत उगवलं होतं. त्या आठवड्यात तिनं शाळेची बस सोडली आणि तालुक्याच्या कचेरीत जाऊन पांढऱ्या गाडीची किल्ली मागून घेतली.

मग मंगळवारचं तिचं ते प्रसिद्ध शिक्षण सुरू झालं. नियम एकच. "हो" म्हणालात की लगेच "पण" म्हणायचं.

"भांडी घासतेस का, व्हर्ना?"

"हो."

"हो, पण?"

"हो... पण तीन ताटल्या झाल्या की खाली बसते. उरलेली तशीच राहतात."

"कधीपर्यंत?"

"आता ते सगळं सांगायचं का, ओलेटा? लोक काय म्हणतील, बाईच्या मोरीत दोन दिवसांची भांडी!"

"लोक नाहीत तिथे. एक न्यायाधीश आहे आणि एक आवाज टिपायचं यंत्र आहे. दोघांनाही तुझी मोरी बघायला यायचं नाही. किती दिवस?"

"तीन," व्हर्ना मॅगार्ड म्हणायची आणि सात मुलांची ती आई लाजून खिडकीबाहेर बघायची.

कुणाला वाटेल, ओलेटा लोकांना पढवत होती. नाही. क्लेल नावाचा एक इसम एकदा काठी टेकत गाडीत चढला, तेव्हा तिनं पुलावर गाडी थांबवली. आरशात बघत विचारलं, "काठी कुणाची?" माझीच म्हणाला. "तुझी असती तर एवढी आखूड नसती. ही तुझ्या सासूची. तिला उठायचं झालं तर ती काय धरेल आज?" क्लेलला तिनं तिथंच उतरवलं आणि परत येताना घेतलं. पुढे तीन मैल तिनं आरशात पाहिलं नाही. मग ती म्हणाली, "नसलेलं सांगणं हे खोटं. आणि असलेलं लपवणं हेही खोटंच. माझ्या गाडीत दोन्ही चालणार नाही." हे तिचं वाक्य ध्यानात ठेवा. पुढे तिलाच ते नडलं.

त्या कचेरीत चार न्यायाधीश होते आणि आमच्यात त्यांची नावं कुणी घ्यायचं नाही. शंभर अर्जांतले कोण किती मंजूर करतो त्याची यादी सरकार स्वतःच छापतं. त्यामुळे एक होता एकसष्ट, एक अठ्ठेचाळीस, एक चव्वेचाळीस, आणि चौथ्या बाई प्रूइट म्हणजे सव्वीस. "कोण आलाय तुला?" "एकसष्ट." "नशीबवान आहेस लेका!" आणि कुणी हळूच "सव्वीस" म्हणालं की गाडीतली माणसं मयताला काढतात तशा टोप्या काढायचीच बाकी असायची. ओलेटाला ही आकड्यांची टवाळी आवडायची नाही. "सव्वीसमध्ये जायचं तर सव्वीसमध्ये जा," म्हणायची, "ते सव्वीसजणही आपल्यासारखेच होते."

आणखी एक गंमत होती. सुनावणीत फोनवर एक कामधंद्याचा जाणकार असतो. न्यायाधीश त्याला विचारतात, "समजा एक माणूस आहे, वय अमुक, इतकं वजन उचलू शकतो, इतकाच वेळ उभा राहू शकतो. त्याला काय काम मिळेल?" जाणकार एखादं काम सांगतो. बहुतेक वेळा काजू-अक्रोड निवडायचं. साऱ्या डोंगरात काजू निवडायचा कारखाना कुणी पाहिला नाही, पण कागदावर तो आहे. आमच्या लोकांनी त्या न दिसणाऱ्या माणसाचं नावच "समजा" ठेवलं. "समजाला लागली का नोकरी?" "लागली बाबा, काजू निवडतोय." परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपावर सॉसेज घातलेले पाव खात खात समजाची इतकी थट्टा व्हायची की हरलेला माणूसही हसायचा. ओलेटा सगळ्यांत मोठ्यांदा हसायची.

आणि प्रत्येक सुनावणीत एक प्रश्न ठरलेला असतो. आज इथे कसे आलात? स्वतः गाडी चालवली का, हे त्यांना बघायचं असतं. आमच्या तालुक्याच्या माणसांचं उत्तर अकरा वर्षं एकच होतं. "ओलेटानं आणलं." त्या कचेरीतल्या शेकडो ध्वनिफितींवर हे दोन शब्द आहेत.

डॉर्सीला त्या दिवशी चव्वेचाळीस होता. त्यानं दर वेळी "हो"पुढे "पण" लावला, आणि मंजूर झाला. तेव्हापासून तो दर मंगळवारी उगाचच गाडीत यायला लागला. पुढच्या सीटवर बसून नव्या माणसांना धीर द्यायचा आणि ओलेटाच्या चालवण्याला नावं ठेवायचा.

तो तसाच पुढे बसलेला असताना ते घडलं. ऑक्टोबरचा मंगळवार, परतीची वाट, व्हर्नासकट गाडीत सहा माणसं. ओहोळाचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे थांबायची पाटी आहे. ओलेटानं ब्रेक दाबला, निदान तिला वाटलं दाबला. गाडी थांबली नाही. पाटी मागे गेली, गाडीचं नाक मोठ्या रस्त्यावर आलं, आणि कोळशाचा ट्रक भोंगा वाजवत हातभर अंतरावरून निघून गेला. गाडी नंतर थांबली ती ओलेटानं खाली बघून, हातानं गुडघा उचलून, पाय ब्रेकवर ठेवला म्हणून.

"कुत्रं," ती म्हणाली. "कुत्रं आडवं आलं."

कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली परत केली. कारण विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. तिथल्या बाईनं तसंच लिहून घेतलं.

साखरेचा आजार तिला नऊ वर्षं होता. पायांची बोटं बधिर झाली, मग तळवे, मग घोटे. दिवसा काहीच कळायचं नाही आणि झोपायला गेलं की पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. हे तिनं डॉक्टरांना सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांनाही अर्धंच. साऱ्या तालुक्याच्या मुठी उघडायला लावणाऱ्या बाईनं स्वतःची अशी घट्ट आवळून धरली होती.

मग घरात चुलीला लाकडं नाहीत, औषधं अर्धी करून घ्यायची, अशी वेळ आली तेव्हा तिनं स्वतःचा अर्ज भरला. नामंजूर. पुन्हा भरला. नामंजूर. कागदावर स्पष्ट होतं, अर्जदारानं नोकरी स्वतःहून, कंटाळा आला म्हणून सोडली. राहिली सुनावणी. ती मागून सोळा महिने. बाई गरोदर राहते, बाळंत होते, पोर रांगायला लागतं, एवढा तो काळ. या काळात तिनं होबार्टचा ट्रक विकला. चर्चमधल्या बायका घेवड्याचं कढण आणि मक्याचा पाव घेऊन यायच्या आणि विचारायच्या, कसं काय ओलेटा? ती म्हणायची, बरंय.

तारखेचं पत्र आलं. न्यायाधीश सव्वीस.

सुनावणीच्या सकाळी डॉर्सीनं आपला ट्रक तिच्या दाराशी आणला, खाली उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं आणि हात धरून तिला चढवलं.

"कसं काय, ओलेटा?"

"बरंय."

"उतर खाली."

ती हसली नाही. "गप चालव," म्हणाली. डॉर्सीनं दार लावून घेतलं, पण किल्ली फिरवली नाही. दोघं समोरच्या काचेतून कोंबड्यांकडे बघत बसले.

"डॉर्सी, तू बाहेर थांबशील ना? आत येऊ नकोस."

"साक्षीदार म्हणून नाव दिलंय माझं तुझ्या वकिलानं."

"ते मी काढून टाकते."

"तुला माझ्यासमोर काय बोलायचं नाहीये?" डॉर्सीनं विचारलं. ओलेटानं पट्टा लावून घेतला. मग त्यानं ट्रक सुरू केला.

वकील कचेरीच्या दारात भेटला, तोही दहा मिनिटं. भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याला आणखी चार सुनावण्या होत्या. त्यानं घाईघाईनं सांगितलं, "नोकरी सोडली त्या भानगडीत शिरू नका. विचारलंच तर 'दमले होते' म्हणा आणि पुढे चला. उगाच नवं काही काढलं तर म्हणतील, बाई आधी एक बोलते, नंतर एक." साक्षीदाराचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. त्यामुळे ओलेटा आत गेली तेव्हा डॉर्सी तिच्या मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

सव्वीस म्हणजे प्रूइटबाई. साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीला बांधलेला, सर्दी झालेली. ओलेटानं त्यांना अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. ती नेहमी खाली गाडीत बसून असायची. तिला वाटलं होतं कुणी उंच, करडी बाई असेल.

शपथ झाली.

"गुड मॉर्निंग, मिसेस फ्यूगेट. कशा आहात?"

"बरी आहे, बाईसाहेब," ओलेटा म्हणाली. मागे डॉर्सीची खुर्ची करकरली.

"आज इथे कशा आलात?"

"डॉर्सी नेपियरनं आणलं."

प्रूइटबाईंनी कागदांतून मान वर केली, नाव पुन्हा वाचलं आणि चष्मा काढला. "ओलेटा? म्हणजे 'ओलेटानं आणलं' त्या ओलेटा तुम्हीच?"

"हो, बाईसाहेब."

"नऊ वर्षं मी हे नाव ऐकतेय," त्या म्हणाल्या. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं आणि गेलं. चष्मा पुन्हा चढला. "मग मला हे समजत नाही. इथे लिहिलंय, ती नोकरी तुम्ही कंटाळा आला म्हणून सोडली. हे खरं आहे?"

वकिलानं टेबलाखाली तिच्या बुटाला बूट लावला. तिला ते कळलंच नाही. पायच कळत नव्हता तर बूट काय कळणार!

ओलेटाला पुढचं सोपं उत्तर दिसत होतं. हो, दमले होते. गाडीत सहा माणसं सुखरूप घरी पोचली, तीस-एकतीस वर्षांत तिनं एकाही माणसाला ओरखडा येऊ दिला नाही, असं लोक तिच्या थडग्यावर लिहिणार होते. ते तसंच राहिलं असतं. फक्त भत्ता गेला असता. आणि मागे डॉर्सी बसलेला. पुढच्या सीटवरचा डॉर्सी. त्याच्या जिवाशी आपण खेळलो आणि वर खोटं बोललो, हे त्याच्या तोंडासमोर सांगायचं.

"हो," ती म्हणाली. यंत्राचा लाल दिवा जळत होता. मग तिच्या स्वतःच्याच तोंडातून, अकरा वर्षांच्या सवयीनं, तो शब्द निघाला. "पण."

"पण काय?"

"पण ते खरं नाही, बाईसाहेब. मला ब्रेक लागत नव्हता. म्हणजे ब्रेक होता, पाय लागत नव्हता. मला वाटलं माझा पाय ब्रेकवर आहे आणि तो नुसताच खाली जमिनीवर होता. गाडीत सहा माणसं होती. कोळशाचा ट्रक आला." तिनं हात टेबलावर ठेवले आणि परत खाली घेतले. "मी त्यांना सांगितलं की कुत्रं आडवं आलं. कुत्रं नव्हतं. माझ्या गाडीत मी कुणाला खोटं बोलू दिलं नाही आणि मीच बोलले. त्याआधीही दोन-तीनदा पाय चुकला होता. मी चालवत राहिले. माझ्याशिवाय ही माणसं येणार कशी, असं स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे किल्ली दिली असती तर का दिली ते सांगावं लागलं असतं. मला लाज वाटत होती. तेवढ्यासाठी मी सहा माणसं मारली असती."

ती रडत होती आणि तिला ते कळत होतं, आणि तिनं डोळे पुसले नाहीत.

प्रूइटबाईंनी मागे पाहिलं. "मिस्टर नेपियर, तुम्ही साक्षीदार आहात. त्या दिवशी गाडीत होतात?"

डॉर्सी टोपी घेऊन उभा राहिला. त्यालाही शपथ दिली गेली. "पुढच्याच सीटवर होतो, बाईसाहेब."

"कुत्रं पाहिलंत?"

"नव्हतंच ते," डॉर्सी म्हणाला. "ते तर आम्हाला सहाजणांना तेव्हाच कळलं. ती हातानं पाय उचलत होती."

ओलेटा वळून त्याच्याकडे बघायला लागली.

"मग तुम्ही कुणी काही बोलला कसे नाहीत?"

"ओलेटानं कुत्रं म्हटलं ना. मग कुत्रं." डॉर्सीला हे समजावून सांगावं लागतंय याचंच नवल वाटलं. "घरी गेल्यावर आम्ही सगळ्यांनी कुत्रंच सांगितलं. माझ्या बहिणीनं, व्हर्नानं, तर पिवळं होतं म्हणून सांगितलं. आणखी कुणी म्हणालं गळ्यात पट्टा होता. महिनाभर एक माणूस त्या फाट्यावर खरकटं टाकत होता, हरवलेलं कुत्रं उपाशी असेल म्हणून."

वकिलाला खोकला आला. प्रूइटबाईंनी रुमाल नाकाला लावला, सर्दीचा म्हणा किंवा कशाचा म्हणा. मग त्यांनी ओलेटाला सावकाश एकेक विचारलं. किती वेळ उभ्या राहता? हो, पण वीस मिनिटं. मग काय करता? पाय उशीवर घेऊन पडते. दिवसातून किती वेळ? दोन तास, कधी जास्त. एकही "पण" सुटला नाही.

शेवटी फोनवरच्या जाणकाराची पाळी आली. "समजा एक व्यक्ती आहे," प्रूइटबाई म्हणाल्या, "वय एकोणसाठ. साऱ्या आयुष्यात बस आणि गाडी चालवली. पायांना पॅडल कळत नाही. दिवसातून दोन तास पाय वर घेऊन पडावं लागतं. तिला काय काम मिळेल?"

इतकी वर्षं ओलेटा या समजाला हसली होती. आज तो तिच्याच खुर्चीत बसला होता, तिचेच पाय घेऊन.

जाणकार म्हणाला, काही मिळणार नाही. "काजूसुद्धा नाही?" प्रूइटबाईंनी विचारलं.

"नाही, मॅडम," फोनमधला आवाज म्हणाला. "अशा व्यक्तीसाठी कुठलंच काम नाही."

परतीच्या वाटेवर डॉर्सीनं पेट्रोलपंपावर थांबून दोन पाव आणले. ओलेटानं खाल्ला नाही, नुसता हातात धरून बसली.

"पिवळं?" ती म्हणाली.

"व्हर्नाला पिवळी कुत्री आवडतात."

तेव्हा कुठे ती हसली, आणि हसता हसता डॉर्सीच्या दंडावर असा एक गुद्दा मारला की ट्रक रस्त्याच्या कडेला गेला.

पत्र अकरा आठवड्यांनी आलं. पूर्ण मंजूर. आत लिहिलं होतं, अर्जदाराची साक्ष विश्वासार्ह आहे, तिनं स्वतःच्या त्रासाआधी दुसऱ्यांना झालेला धोका सांगितला. ओलेटानं ते होबार्टच्या पत्राच्या शेजारी, पिठाच्या डब्याखाली ठेवलं. गावात डॉर्सी सांगत सुटला की सव्वीसची आता सत्तावीस झाली.

पांढरी गाडी आता रॉस्को टॅकेट चालवतो. पण मंगळवारी सकाळी पहिला थांबा ओलेटाच्या दारचा. ती मागच्या लांब सीटवर पाय वर घेऊन बसते आणि तिथूनच ओरडते, "कसं काय, एल्झी?" एल्झी हॉल म्हणजे लाकूडतोड्या, छप्पन वर्षांचा, एका कानानं बहिरा, जन्मात कधी तक्रार न केलेला. दाराशी त्याला चार वेळा उतरावं लागलं.

त्यालाही सव्वीसच होती. परत येताना त्यानं गाडीत सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्रूइटबाईंनी विचारलं होतं, आज इथे कसे आलात? तो म्हणाला, ओलेटानं आणलं.

"बाईंनी पेन खाली ठेवलं," एल्झी सांगत होता. "म्हणाल्या, मिस्टर हॉल, शपथेवर आहात. मिसेस फ्यूगेटना गाडी चालवता येत नाही, तसा निकाल मी स्वतः लिहिलाय. गाडी कोण चालवत होतं?"

रॉस्कोनं आरशात पाहिलं. "मग? काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं," एल्झी म्हणाला. "म्हटलं, गाडी होय? ती चालवत होता कुणीतरी."